रिसालदाराची नेमणूक आणि हबक्कूकचा दोष

सैन्य उभारायचे तर अधिकारी आधी लागतात. शिपाई मागाहून मिळतात, घोडे त्याहून मागाहून, आणि शत्रू तर काय, न बोलावताच येतो. हे ज्याला उमगले त्याला राज्यकारभार उमगला. स्कॉटलंडातल्या आमच्या ऑखरडून परगण्याला ते फार पूर्वीच उमगलेले असल्यामुळे सोळाशे एकोणपन्नास साली, फेब्रुवारी सरता सरता, एडिंबरोहून रिसाला उभा करण्याचा हुकूम आला तेव्हा आमच्यात कोणाची धांदल उडाली नाही. हुकमात चार कलमे होती :

एक, परगण्याने योग्य व ईश्वरभीरू असे घोडदळाचे अधिकारी तीन आठवड्यांत नेमावेत.

दोन, जमिनीच्या आकारणीप्रमाणे घोडे द्यावेत.

तीन, एप्रिलच्या आरंभी सरकारी निरीक्षक पाहणीस येतील.

चार, शत्रू कोण ते यथावकाश कळवण्यात येईल.

परगण्याची युद्धसमिती त्याच आठवड्यात बसली. अध्यक्षस्थानी किलबकनचे सर मंगो. (आमच्याकडे जमीनदाराला त्याच्या जमिनीच्या नावाने हाक मारतात. माणूस मरतो, जमीन राहते, नाव वाया जात नाही.) किलबकन अनुभवी गृहस्थ. आधीच्या तिन्ही लढायांत परगण्याच्या समितीचे अध्यक्ष तेच होते आणि तिन्ही समित्या सुखरूप घरी परतल्या होत्या.

पहिली अडचण आली ती मानपानाची. चर्चमध्ये कोणी कोणाच्या पुढच्या बाकावर बसायचे हे आमच्याकडे तीन पिढ्या भांडून ठरलेले आहे. त्यात दोन नाकाची हाडे आणि एक सोयरीक मोडलेली आहे. आता रविवारी जो पुढे बसतो त्याने सोमवारी मागच्या बाकावरच्याचा हुकूम कसा ऐकावा? मग असे ठरले की कोणीच कोणाचा हुकूम ऐकू नये, म्हणजे सर्वांनाच अधिकारी करावे. परगण्यात पुरुष जमीनदार एकतीस. ते पुढीलप्रमाणे सामावून घेतले : रिसालदार एक, नायब चार, निशाणदार नऊ (निशाण अजून शिवायचे होते, त्यावर कोणते वचन घालायचे याबद्दल वाद होता), दाणावैरणीचे अधिकारी सात, आणि राखीव रिसालदार दहा. हे राखीव रिसालदार मूळ रिसालदार पडल्यास उपयोगी यावेत असा हेतू होता. मग तो शत्रूच्या हातून पडो की आपला आपण.

दुसरा ठराव किलबकनांनी स्वतः मांडला. अधिकारी हा देहाने सेवा करतो. त्याच्याकडून मालमत्तेनेही सेवा घेणे हा जुलूम होईल. सबब अधिकाऱ्यास घोडा देणे माफ. ठराव एकतीस विरुद्ध शून्य मतांनी संमत झाला. इतकी एकजूट परगण्याने देवाच्या अस्तित्वाच्या प्रश्नावरही दाखवली नव्हती. (तिथे एक जण तटस्थ होता. त्याला पुढे परगणा सोडावा लागला.)

आता घोडे कोणी द्यायचे? अधिकारी नसलेल्या जमीनदारांनी. असा जमीनदार परगण्यात एकच उरला, आणि ती बाई होती.

बॅलव्हिनीची ग्रिझेल डूरी. नवरा आधीच्या लढाईत गेला. तिची जमीन ओढ्यापलीकडे, उताराची, दगडाळ. घरात खाणारी चार तोंडे, आणि त्या चारांना वर्षभर पुरणारे ओट पेरायचे असतात ते मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत. नांगराला शेजारचा उसना बैल आणि तिचा स्वतःचा हबक्कूक अशी विजोड जोडी. हबक्कूक हा करड्या रंगाचा, रुंद पाठीचा, विचारी चेहऱ्याचा घोडा. तो गेला तर पेरणी गेली, आणि पेरणी गेली तर हिवाळ्यात लापशीच्या जागी प्रार्थना. प्रार्थना पोषक असते यात वाद नाही, परंतु लहान मुलांना ती एकटी पचत नाही.

आकारणीप्रमाणे ग्रिझेलबाईच्या वाट्याला एक तृतीयांश घोडा येत होता. उरलेले दोन तृतीयांश शेजारच्या दोन जमीनदारांनी द्यायचे. पण ते दोघेही निशाणदार झालेले. समितीने बाईला बोलावून सांगितले की तुझा तिसरा हिस्सा हजर कर, आणि उरलेला घोडा त्याला चिकटलेला असल्यास आमची हरकत नाही.

बाई पदराने, म्हणजे शालीच्या टोकाने, हात पुसत म्हणाली, "हिस्सा देते की. पण कुठला, ते मला ठरवू द्या. पुढचे दोन हिस्से तुमचे, मागचा माझा. नांगर मागेच जोडतात."

समितीने हा मुद्दा थट्टेवारी नेला नाही, हे तिचे मोठेपण. तीन बैठका झाल्या. पुढचा हिस्सा घेतला तर त्याला चारा घालावा लागतो, असे दाणावैरणीच्या सातही अधिकाऱ्यांनी निदर्शनास आणले. मधला घेतला तर खोगीर मिळते, पण दिशा मिळत नाही. शेवटी, घोडा हा राज्यासारखाच अविभाज्य आहे, असा निर्णय होऊन अख्खा हबक्कूक परगण्याकडे वर्ग करण्यात आला. पाहणी होईपर्यंत त्याने बाईच्याच गोठ्यात राहावे आणि बाईचेच खावे, एवढी सवलत तिला देण्यात आली.

इकडे एकतिसांपैकी प्रत्यक्ष रिसालदार कोण, हे ठरवायचे काम चर्चच्या पंचायतीकडे आले, कारण हुकमात 'ईश्वरभीरू' हा शब्द होता आणि त्या शब्दाची तपासणी आमच्याकडे दुसरे कोणी करू शकत नाही. पाळकसाहेब हॉग यांनी परीक्षेचे तीन विषय ठेवले : धर्मप्रश्नोत्तरी, चालचलणूक आणि स्तोत्रगायन. घोड्यावर बसणे हा विषय ठेवलेला नव्हता. विषय ठेवला की त्यात नापास व्हायची सोय करावी लागते.

तरीही तो प्रश्न चालचलणुकीत शिरलाच. विचार असा : ज्याला घोड्यावर चांगले बसता येते, तो कधीतरी घोड्यावरून कुठेतरी गेला असला पाहिजे. कुठे गेला होता? कशाला? तिथे आणखी कोण होते? घरी बसून सदाचाराने राहणाऱ्याला इतके चांगले बसता येईलच कसे? हा विचार एकदा मांडला गेल्यावर त्याला उत्तर देणे कोणालाच जमेना. परगण्यात घोड्यावर बसता येत असल्याचा संशय आठ जणांवर होता. पैकी सात जणांनी शपथेवर इन्कार केला. एकाने कबुली दिली.

तो निनियन टेट. पिटनड्रमच्या जमीनदारांचा धाकटा भाऊ, स्वतः बिनजमिनीचा, बारा वर्षे स्वीडनच्या राजाच्या घोडदळात काढून आलेला, आणि हुकमात जमिनीची अट नसल्यामुळे उमेदवार. दाढेखाली काहीतरी चघळत तो पंचायतीपुढे उभा राहिला. पाळकसाहेबांनी विचारले, दोन वर्षांमागे उपदेश चालू असता तू मधेच उठून गेलास, हे खरे काय?

"खरं. कोठार पेटलं होतं."

"कोणाचे?"

"शेजाऱ्याचं."

इथे पंचायतीतल्या वडीलमंडळींनी एकमेकांकडे पाहिले. स्वतःच्या कोठारासाठी जाणे ही दुर्बलता म्हणता येते. परक्याच्या मालमत्तेत एवढे लक्ष म्हणजे 'शेजाऱ्याच्या मालाचा लोभ धरू नको' ही दहावी आज्ञाच धोक्यात.

"आणि परत केव्हा आलास?"

"आग विझवली, हातपाय धुतले, थोडं खाल्लं, आणि आलो. तेव्हा तुम्ही चौथ्या मुद्द्यावर होतात, साहेब."

"म्हणजे तिसरा मुद्दा बुडाला," पाळकसाहेब खिन्नपणे म्हणाले. ते खरोखरच खिन्न झाले होते. तिसरा मुद्दा त्या दिवशी त्यांना फार चांगला साधला होता. उपदेश चालू असता निघून जाणारा मनुष्य पवित्र सैन्यात अपात्र, असा निर्णय झाला. निनियनने तो मान्य केला आणि बाहेर जाऊन कुंपणाला टेकून उभा राहिला. पुढचे सगळे त्याने तिथूनच पाहिले.

रिसालदारपद मिळाले त्याच्या थोरल्या भावाला, खुद्द पिटनड्रमना. त्यांची योग्यता निर्विवाद होती. ते कधी कुठे गेलेच नव्हते. लहानपणी एका शिंगराने त्यांच्याकडे नुसते पाहिले, तेव्हापासून घोड्याच्या अंगावरची माशी जरी अंगावर बसली तरी ते आत जाऊन पडत. साहजिकच त्यांच्या चालचलणुकीवर बोट ठेवायला जागा नव्हती. आणि त्यांचा आवाज! पिटनड्रम आमच्या चर्चचे स्तोत्राची ओळ देणारे. आमची रीत अशी की पुढारी एक ओळ गाऊन देतो, ती मंडळी झेलते, घोळवते आणि ज्याच्या त्याच्या दमाप्रमाणे परत करते. मग दुसरी ओळ. दोनशे गळे एकाच ओळीवर लोटतात तेव्हा कोणी पुढे असतो, कोणी अजून वळणावर असतो, एखादी म्हातारी तर मागच्या ओळीत राहिलेली असते, आणि तरी सगळे मिळून असे काही उठते की दगडी भिंतीला पाझर फुटावा. ज्याने ते ऐकले नाही त्याने काय ऐकले? स्वर्गात याहून वेगळे गाणे असेल तर तिथे थोडे दिवस करमायचे नाही.

तर या रीतीवरच पिटनड्रमनी रिसाल्याची कवायत बसवली. हुकूम गाऊन द्यायचा, रिसाल्याने तो ओळीओळीने परत म्हणायचा, आणि शेवटची ओळ संपली की कृती करायची. ओरडून हुकूम देण्याची परदेशी पद्धत असंस्कृत आहे आणि तिने घसा बसतो. 'उजवीकडे वळा' या हुकमाचे चार चरण झाले :

रिसाला हो, ऐका हो ऐका,
लगाम घ्या, हळूच घ्या हाती,
उजवा हात कोणता ते आठवा,
आणि वळा, सांभाळून वळा.

एका वळणाला लापशी शिजण्याइतका वेळ लागे. टीकाकार म्हणत की तेवढ्यात शत्रू येऊन जाईल. येऊ द्या! त्याला पश्चात्तापाला वेळ मिळाला, यात आपले काय गेले? 'थांबा' हा हुकूम सर्वांत लांब, दोन कडव्यांचा. (समोर नदी असल्यास तो आदल्या दिवशी द्यावा, अशी टीप आहे.) दोन आठवडे एकतीस अधिकारी गावच्या कुरणात पायीच गात वळत होते. निशाणदार तारस्वरात म्हणत, दाणावैरणीचे अधिकारी खर्जात. गावातल्या बायका कामे टाकून ऐकायला येत.

मार्चच्या मध्यावर रंगीत तालमीसाठी हबक्कूकला आणले. बाईच्या शेताचा तेव्हा जेमतेम एक कोपरा नांगरून झाला होता. नांगर तिथेच सोडून ती घोड्यामागून कुरणात आली आणि कडेला उभी राहिली.

पिटनड्रमना शिडी लावून वर चढवले. चार नायबांनी चार बाजूंनी धरले. त्यांनी डोळे मिटले, आणि डोळे मिटल्यावर नेहमी येतो तसा त्यांचा सूर आला. 'पुढे चला'चा पहिला चरण त्यांनी असा काही लावला की बाजूच्या किलबकनांनी टोपी काढली.

हबक्कूकने मान खाली घातली, एक मागचा खूर टेकवला आणि तो झोपला.

त्याचे असे आहे की बाई दर रविवारी त्याच्या पाठीवर लहान दोघांना घालून चर्चला येते आणि त्याला दाराशी बांधते. पहिल्या स्तोत्राची पहिली ओळ ऐकली की पुढे चार तास आपल्याला काम नाही, हे तो शिंगरू असल्यापासून जाणतो. अकरा वर्षांत शेवटच्या 'आमेन'आधी त्याने खूर उचललेला नाही, पावसात नाही, गारांत नाही, पाळकसाहेबांनी एकदा बायबलातल्या अमालेक्यांवर दोन भागांत उपदेश केला त्या दिवशीही नाही. दुसरे कडवे झाले, तिसरे झाले. समिती त्याच्या शिस्तीवर खूष होती. एकतीस अधिकारी त्याच्यामागे हळूहळू गात पुढे सरकले आणि त्याच्या शेपटीला येऊन थटले.

कुंपणावरून निनियनने जिभेने नुसते टक् केले.

हबक्कूक जागा झाला. 'आमेन' झाले असावे असे समजून तो घरी निघाला. घर ओढ्यापलीकडे. ओढ्याच्या मध्यावर पिटनड्रम उतरले (तेव्हा घोडा थांबला होता की काय, याबद्दल दोन मते आहेत). कमरेइतक्या पाण्यातून, डोक्यावरची टोपी वाहून जात असताना, रिसालदार आपल्या अट्ठेचाळीस वर्षांच्या भावाला म्हणाले, "निन्या, आईला सांगीन हं मी!"

रिसाल्याने पहिली नदी ओलांडली, हानी एक टोपी, अशी नोंद समितीने केली. आणि पाहणी आटोपताच रिसालदारांनी याच घोड्यावरून एडिंबरोस रवाना व्हावे असा ठरावही केला. पिटनड्रम तो ऐकून तापाने आडवे झाले. बाई घोडा घेऊन घरी गेली. बातमी आली होती की निरीक्षक एप्रिलच्या पहिल्या शनिवारी येणार. तोवर रात्रंदिवस नांगरले तरी निम्मे शेत उरत होते.

पुढल्या गुरुवारी पंचायत बसली असता ग्रिझेलबाई आत आली. तिला तक्रार नोंदवायची होती.

"कोणाविरुद्ध, बाई?"

"हबक्कूकविरुद्ध, पाळकसाहेब. उपदेश चालू असता तो निघून गेला."

मग एका वडिलांनी विचारले, घोड्याला आत्मा असतो काय. दुसऱ्यांनी म्हटले, तो प्रश्न रिसाल्यात भरती करताना कोणी विचारला नव्हता. पाळकसाहेब हॉग हे न्यायी गृहस्थ. निनियनला ज्या दोषासाठी काढले त्याच दोषासाठी घोड्याला ठेवले, तर लोक काय म्हणतील? आणि स्वार पवित्र नि घोडा अपवित्र, तर सैन्याचा खालचा भाग कसल्या पायावर उभा राहणार? परंतु आमच्या शास्त्राप्रमाणे एका तोंडच्या साक्षीवर कोणाला दोषी धरता येत नाही. दोन लागतात.

"दुसरा साक्षीदार आहे काय?" त्यांनी विचारले.

बाईने मान खाली घातली. दुसरा साक्षीदार कुठून येणार? प्रत्येक रविवारी तो घोडा दाराशी खांबासारखा उभा असलेला सगळ्या परगण्याने पाहिलेला.

तेवढ्यात मागून खोकला ऐकू आला. पिटनड्रम गळ्याला लोकरीचा पट्टा गुंडाळून उभे होते. "मी पाहिला."

किलबकन हेही पंचायतीतले वडील. ते म्हणाले, "अहो पिटनड्रम, तुम्ही ओळ द्यायला भिंतीकडे तोंड करून उभे असता. तिथून दारही दिसत नाही."

"दिसत नाही, म्हणून तर लक्ष विचलित होत नाही. लक्ष विचलित झालं नाही, म्हणून मागून कोण गेलं ते बरोबर कळलं."

"चारच पाय ऐकू आले?"

"चारच. मी मोजले."

किलबकन पुढे बोलणार होते. पण तेवढ्यात त्यांच्या मनात काहीतरी आले असावे. त्यांच्या तबेल्यात सहा घोडे होते. घोड्यांचीही चालचलणूक तपासायची एकदा चाल पडली, की शर्यतीला गेलेला, जत्रेला गेलेला, रविवारी चरताना उड्या मारलेला एकही घोडा कुठल्याच भरतीस पात्र राहत नाही. त्यांचा चेहरा हळूहळू अतिशय धार्मिक झाला. "साक्ष पुरेशी आहे," ते म्हणाले. "दोष गंभीर आहे. आणि आपण इतकी वर्षे या बाजूकडे दुर्लक्ष केलं, हे आपलंही पापच."

हबक्कूकला शिक्षा झाली ती रीतसर : अंगावर गोणपाट घालून दर रविवारी चर्चच्या दाराशी सर्वांसमक्ष उभे राहणे, तो खऱ्या पश्चात्तापास पोहोचेपर्यंत. शिक्षा भोगणाऱ्यास सैन्यात घेता येत नाही. सोमवार ते शनिवार त्याने प्रामाणिक श्रम करावेत असे पाळकसाहेबांनी सुचवले. बाई म्हणाली, असे श्रम तिच्या बघण्यात आहेत.

ठरल्याप्रमाणे एप्रिलच्या पहिल्या शनिवारी निरीक्षक कर्नल ड्रेघॉर्न आले, पायी. त्यांचा स्वतःचा घोडा वाटेतल्या परगण्याने भरतीत घेतला होता आणि पावती दिली होती. दमलेले, धुळीने माखलेले, चांगले गृहस्थ. एकतीस अधिकाऱ्यांनी कुरणात गात एक वळण घेऊन दाखवले. कर्नलसाहेब सबंध वळण उभे राहून ऐकत होते. शेवटच्या चरणाला त्यांनी नाक शिंकरले. त्यांची आई त्याच चालीवर गात असे, ते म्हणाले. मग त्यांनी घोडे कुठे आहेत असे विचारले.

किलबकनांनी सांगितले, "एकच आहे. तो पश्चात्ताप करतो आहे."

ही गोष्ट कर्नलसाहेबांच्या मनाला भिडली. तीन परगणे ते पाहून आले होते. पहिल्यात सगळे घोडे लंगडे होते. दुसऱ्यात सगळे मेले होते (त्यांतला एक मेलेला घोडा कुंपणावरून त्यांच्याकडे बघत होता). तिसऱ्याची हकीकत वर आलीच आहे. घोड्याच्या आत्म्याची विचारपूस करणारा परगणा त्यांना पहिल्यांदाच भेटत होता.

रविवारी ते आले आणि हबक्कूकला दारात पाहिले. गोणपाट पांघरलेला, मान खाली, एक खूर टेकलेला, डोळे अर्धे मिटलेले. पाचही मुद्दे संपेपर्यंत त्याने कान हलवला नाही. असा पश्चात्ताप कर्नलसाहेबांनी एडिंबरोतही पाहिला नव्हता, आणि एडिंबरोत पश्चात्ताप करणारांची ददात नाही. उपासना संपताच ते उठून म्हणाले, "पाळकसाहेब, या जीवाला अजून किती शिक्षा देणार? मुक्त करा याला. आजच. मी स्वतः याला नेईन. एडिंबरोची वाट लांब आहे, आणि माझ्या पायाला फोड आले आहेत."

पिटनड्रम भिंतीला टेकले. बाईच्या शेताचा अजून तिसरा हिस्सा उघडा पडला होता. ती दोन्ही हातांनी पुढच्या बाकाची कड धरून उभी होती, आणि तिच्या धाकट्याने तिच्या शालीत तोंड खुपसले होते.

पाळकसाहेब सावकाश दाराशी गेले. आमच्या रीतीप्रमाणे मुक्तीपूर्वी शेवटची एक अट असते : दोषी व्यक्तीने सर्वांसमोर स्वमुखाने कबुली द्यावी.

"हबक्कूक," त्यांनी विचारले, "तुला तुझा दोष कबूल आहे काय?"

घोडा गप्प.

दुसऱ्यांदा विचारले. घोड्याने डोळे उघडले, पाळकसाहेबांकडे पाहिले आणि पुन्हा मिटले. तिसऱ्यांदा विचारले. तेवढ्यात हबक्कूकने एक दीर्घ उसासा टाकला, आणि तो ऐकून कर्नलसाहेब आशेने पुढे झाले.

"उसासा आहे," पाळकसाहेब म्हणाले. "मन तयार आहे. शब्द अजून यायचे आहेत. घाई करता येत नाही, कर्नलसाहेब. घाईची कबुली टिकत नाही. पुढल्या रविवारी पाहू."

कर्नलसाहेब पायीच गेले. परगण्याचे अधिकारी पूर्ण, शिस्त उत्तम, घोडा विचाराधीन, असा त्यांनी अहवाल दिला, आणि पुढे इतर परगण्यांनाही घोड्यांच्या चौकशीसाठी स्वतंत्र अधिकारी नेमण्याचा हुकूम झाला. मंडळी पांगल्यावर पाळकसाहेब बाईपाशी थांबले. ती घोड्याच्या पाठीवरून गोणपाट उतरवत होती.

"बाई, पेरणी कधी आटोपते?"

"दोन आठवड्यांत. पाऊस नसला तर."

"मग शब्द यायला साधारण तेवढेच दिवस लागतील," ते म्हणाले, आणि थोडे थांबून, "पाऊस असला तर जास्त."

ओट पेरून झाले. दाणा चांगला आला. शत्रू कोण ते कळवायचे राहून गेले.

आता एवढेच सांगायचे उरते की आमच्या पंचायतीचा आणखी एक नियम आहे, आणि तो सर्वांत कडक आहे. खोटी साक्ष देणारा दोषी. आणि ती खोटी आहे हे माहीत असून गप्प राहणारा त्याच्याइतकाच दोषी, त्यालाही तेच गोणपाट. बाईला माहीत होते, पिटनड्रमना माहीत होते, किलबकनांना, पाळकसाहेबांना, कुंपणाला टेकलेल्या निनियनला आणि दोनशेच्या दोनशे मंडळीला माहीत होते. म्हणून तर दोषींना बसवायच्या पश्चात्तापाच्या आसनाच्या जागी आम्ही आता चांगले लांबलचक बाक ठेवले आहे. घोडा निर्दोष होता हे, वाचकहो, आता तुम्हालाही माहीत झाले आहे. आणि बाईवर तक्रार करायला तुम्ही काही उठलेले दिसत नाही. तर या. रविवारी लवकर या, कारण बाक भरत आले आहे, आणि गोणपाट आपले आपण आणायचे असते.